रस्त्यावरची हयगय



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहणाऱ्या माणसाने संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, गेला बाजार नाट्यसंगीतावर तरी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती रास्त आहे. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ह्या प्रथेचा पाया घातला तो लोकशिक्षणासाठी. आणि शहापूर-मुरबाडच्या लोकांना आज कोणत्या शिक्षणाची निकड आहे असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, गाडी हाकताना समोर पाहण्याच्या शिक्षणाची.

विषय कळवला तेव्हा मालेच्या एका चालकांनी शंका काढली की, हा विषय पोलिसांचा नाही का? मी त्यांना म्हटले, आपणही चालक आणि तेही चालक. दोघांचे लक्ष उडाले म्हणजे समोरच्यांचे हाल होतात, एवढे तरी आपल्याला मान्य व्हावे. त्यांनी ते मान्य केले म्हणून मी येथे उभा आहे.

अपघात झाला की पोलीस ठाण्यात जो कागद होतो, तो आपल्यापैकी काहींना दुर्दैवाने वाचावा लागला असेल. त्यातली शब्दावली वर्षानुवर्षे ठरलेली आहे. अमुक इसमाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवले. नाव बदलते, गाडीचा क्रमांक बदलतो, हे शब्द बदलत नाहीत. इतके की आता ते कुणी वाचतही नाही. त्यातल्या 'भरधाव' ह्या शब्दाविषयी आपण पुष्कळ बोलतो. मला आज त्याच्या शेजारच्या शब्दाविषयी बोलावयाचे आहे. हयगय हा मोठा नेमका शब्द आहे. त्यात द्वेष नाही, दारू नाही, गुन्हेगारी वृत्ती नाही. आजाऱ्याला वेळेवर औषध दिले नाही तर आपण म्हणतो, हयगय झाली. पाहुण्याची व्यवस्था नीट ठेवली नाही, हयगय झाली. म्हणजे त्या माणसाचे आपल्याकडे काही येणे होते, आणि ते आपण चुकते केले नाही. रस्त्याने पायी जाणाऱ्या माणसाचे गाडी हाकणाऱ्याकडे असेच एक येणे असते. त्याने आपल्याकडे पाहावे, इतकेच ते येणे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुरबाडकडच्या एका गावाच्या वळणावर एक कातकरी बाई मोटरसायकलखाली सापडली. वेळ संध्याकाळची, पण अंधार पडलेला नव्हता. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन ती रस्त्याच्या कडेने चालली होती आणि गाडी मागून आली. मी तेथे पोहोचलो तेव्हा तिला हलवलेले होते. मोळी सुटून लाकडे रस्त्यावर पसरली होती आणि तो तरुण कडेला खाली बसला होता. चांगल्या घरचा मुलगा. कारखान्यातली पाळी संपवून घरी निघालेला. प्यायलेला नव्हता, वेग फार होता असेही कुणी म्हणाले नाही. कानात फोनची बोंडे होती, एक गळून छातीवर लोंबत होते. तो घरी आईशी बोलत होता, असे मागाहून कळले. तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "दिसलीच नाही हो." जमलेल्यांपैकी एक जण त्याच्यावर धावून गेला. एवढी मोळी घेऊन चाललेली बाई दिसली नाही म्हणजे काय, डोळे फुटले होते का, वगैरे. बाई तिसऱ्या दिवशी गेली.

मला त्या वेळीही वाटले आणि आज तर खात्री आहे, की तो मुलगा खरे बोलत होता. ती त्याला दिसलीच नव्हती. तो खोटे बोलत असता तर बरे झाले असते, कारण खोट्यावर उपाय सोपा असतो. डोळे उघडे, प्रकाश पुरेसा, रस्ता मोकळा, आणि तरी समोरचे माणूस दिसत नाही, हे कसे घडते ते आपण जरा पाहू.

१९९९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सायमन्स आणि शाब्री ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक छोटी चित्रफीत. तीत काही मुले पांढरे सदरे घालून आणि काही काळे सदरे घालून चेंडू एकमेकांकडे फेकत आहेत. पाहणाऱ्यांना सांगितले, पांढऱ्या सदऱ्यांची मुले किती वेळा चेंडू फेकतात ते मोजा. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेले एक माणूस त्या मुलांमधून चालत आले, पडद्याच्या मधोमध थांबले, छाती बडवली आणि निघून गेले. मागाहून विचारले, काही वेगळे दिसले का? पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गोरिला दिसलेला नव्हता. चित्रफीत पुन्हा दाखवली तेव्हा ते थक्क झाले. त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. मन चेंडू मोजण्यात गुंतले होते, आणि मन जेथे नाही तेथे डोळा असून उपयोग नाही. आपल्या आयांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. पोर पुस्तक उघडे धरून खिडकीबाहेरच्या गोट्यांच्या डावात हरवले की त्या विचारत, "लक्ष कुठे आहे तुझे?" डोळे कुठे आहेत असे त्या विचारत नसत.

ह्याच्या दोन वर्षे आधी, १९९७ साली, टोरांटोच्या दोन संशोधकांनी अपघातात सापडलेल्या ६९९ मोटारवाल्यांच्या टेलिफोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघात होण्याचा धोका सुमारे चौपट असतो, असे त्यांना आढळले. आणि फोन हातात धरला काय किंवा हात मोकळे ठेवून बोलले काय, धोक्यात त्यांना फरक दिसला नाही. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे अजून पोहोचलेलीच नाही. फोन धरल्याने हात अडकतो म्हणून धोका, असे आपण समजतो, आणि कानात बोंडे खुपसली की आपण कायद्यातून आणि मरणातून दोन्हीतून सुटलो असे मानून गाडी सोडतो. त्या कातकरी बाईच्या वेळी त्या मुलाचे दोन्ही हात गाडीच्या दांडीवर होते.

आता कुणी म्हणेल, मग शेजारच्या माणसाशी गप्पा मारणेही तितकेच वाईट. एस.टी.त चालकाशी बोलू नये अशी पाटी असते आणि ती योग्यच आहे. तरीही दोहोंत एक फरक आहे. शेजारी बसलेला माणूस वळण आले, समोरून ट्रक आला, म्हशी आडव्या आल्या की आपोआप गप्प होतो, क्वचित ओरडतोही. त्याचा जीव त्याच गाडीत असतो. फोनच्या पलीकडचा माणूस डोंबिवलीत पंख्याखाली बसलेला असतो. त्याला वळण दिसत नाही. तो म्हणतो, "बरं, पुढे काय झालं?"

फोन कानाला लावण्याचे हे झाले. फोनकडे पाहणे ही त्यापुढची पायरी, आणि तेथे साधे अंकगणित पुरे आहे. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. निरोप कुणाचा आला हे पाहण्यासाठी, फक्त पाहण्यासाठी, पाच सेकंद मान खाली घातली तर गाडी एकशे अकरा मीटर गेली. एस.टी.ची बस सुमारे अकरा मीटर लांब असते. म्हणजे दहा एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढी वाट हा गृहस्थ डोळे मिटून गेला. डोळ्यांवर पट्टी बांधून आसनगावच्या स्टेशनपासून शंभर पावले चालून दाखवा म्हटले तर तो चालणार नाही. ऐंशीच्या वेगाने मात्र रोज जातो. त्यात वेगाचा हिशेब निराळा. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. आणि हे कोरड्या रस्त्याचे झाले. आपल्याकडे चार महिने रस्ता कोरडा नसतो.

आता आपला रस्ता कसा आहे ते पाहा. मुंबई-आग्रा रस्ता वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी करीत कसारा घाटाला जातो. कल्याणहून निघालेला दुसरा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेजला भिडतो. ह्या दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा आपला शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्ता. मुरबाडला आजही रेल्वे नाही. सारा प्रपंच रस्त्यावर चालतो. हे रस्ते नकाशात मोटारींचे असतील, पण त्यांवर कोण असते? आश्रमशाळेची मुले असतात. आठवडा बाजाराहून परतणाऱ्या ठाकूर-वारली बाया असतात. सकाळी दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली आणि संध्याकाळी गोठ्याकडे परतणारी गुरे असतात. भाताची झोडणी झाली की पेंढ्याने लादलेला टेम्पो असतो, त्याच्या मागचा दिवा पेंढ्यातच बुडालेला असतो. पायवाट अशी रस्त्याला नाहीच. डांबराची कड संपली की गटार नाहीतर करवंदीची जाळी. गावाला अंगण असते तसा हा रस्ता आहे, आणि त्या अंगणातून आपण मोटार नेतो. मुंबईला पाणी आपण देतो, तानसा-भातसाचे. रात्री रस्त्याला दिवा मात्र आपल्याकडे नसतो. काळसर लुगड्यातली बाई मोटरसायकलच्या मंद दिव्यात तीसेक मीटरवरून दिसली तर दिसते. साठच्या वेगाने येणाऱ्याला, त्याचे सगळे लक्ष रस्त्यावर असले तरी, तेवढ्यात गाडी थांबवणे कठीण. लक्ष फोनवर असेल तर मग बोलणेच खुंटले.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना बैलगाड्या आठवत असतील. रात्री मालाची गाडी जुंपून निघालेला शेतकरी घोंगडी पांघरून झोपी जाई आणि पहाटे गाडी बाजाराच्या गावात उभी असे. गाडीवान झोपला तरी बैल जागे असत. त्यांना चार डोळे होते, पायांखालचा खड्डा कळत होता, समोर माणूस आले तर ते स्वतः बाजू घेत. आपल्या पिढ्यान् पिढ्यांची प्रवासाची सवय ह्या बैलांनी घडवली आहे, आणि मला पुष्कळदा वाटते की आपण मोटारीत बसलो तरी मनाने अजून बैलगाडीतच आहोत. आपण झोपलो तरी गाडी आपले आपण पाहून घेईल अशी कुठेतरी समजूत आहे. मोटारीला डोळे नाहीत. तिच्या पुढे जे दोन दिवे आहेत ते आपल्या डोळ्यांसाठी आहेत. (घाटाचे नाव कसारा आणि बैलाला आवरण्याच्या दोरीचे नाव कासरा. ह्या दोहोंचे नाते काय, ते व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनी पाहावे. मी फक्त एवढे म्हणतो की त्या घाटात कासरा हातातून सोडू नये.)

बैलांवरून म्हशाच्या यात्रेची आठवण होते. पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार भरतो. तेथे बैल घेणारा शेतकरी पाहा. तो दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो. चालवून पाहतो. बुजरा आहे का म्हणून डोळ्यांपुढे उपरणे झटकून पाहतो. मारका आहे का हे चार जणांना विचारतो. मग रुमालाखाली बोटे धरून सौदा. एवढे सगळे का, तर हा प्राणी आपल्या घरी येणार, पोराबाळांत वावरणार. तोच शेतकरी आपल्या सोळा वर्षांच्या मुलासाठी मोटरसायकल घेतो तेव्हा काय पाहतो? रंग पाहतो आणि हप्ता पाहतो. गाडी मारकी आहे का, मुलगा बुजरा आहे का, हे विचारीत नाही. कायदा येथे अगदी स्पष्ट आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. तरी दहावीचा निकाल लागला की पेढ्यांबरोबर किल्ली हातात ठेवणारे वडील मला दर वर्षी भेटतात. मुलगा हुशार आहे, असे ते सांगतात. असेल. परीक्षेत मिळालेल्या गुणांचा आणि वळणावर ब्रेक दाबण्याचा काही संबंध असल्याचे मी शिक्षक असूनही ऐकलेले नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी आज आलो तो सांगतो, आणि तो येथे बसलेल्या बहुतेकांना थोडा झोंबेल. गाडी हाकणाऱ्याची हयगय आपण पाहतो. ती हयगय त्याच्याकडून करून घेणारे आपण असतो, हे पाहत नाही. त्या मुलाशी फोनवर बोलणारी त्याची आईच होती. तिचा काय दोष? काहीच नाही, माया. मुलगा पाळी सुटून निघाला की "कुठवर आलास?" असे विचारल्यावाचून तिला चैन पडत नसे. पण हा प्रश्न आज आपल्या तालुक्यांत दर संध्याकाळी हजारो घरांतून विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला ठाऊक असते की ज्याला विचारतो आहोत तो ह्या क्षणी गाडीवर आहे. उत्तर आले नाही की पुन्हा फोन. तिसऱ्यांदा फोन. तो बिचारा खिशात घंटा वाजत असता वळण घेत असतो. न उचलावा तर घरी घोर, उचलावा तर पुढे ट्रक. ज्याची काळजी म्हणून फोन करावयाचा त्यालाच आपण असे कोंडीत धरतो.

व्यापारी बंधू रागावणार नाहीत अशी आशा आहे. टेम्पोवाल्याला "माल कुठे अडकला?" म्हणून दर दहा मिनिटांनी फोन करणारे आपल्यातलेच कुणी असतात. खेपेवर पैसे देणारा ठेकेदार डंपरवाल्याला दिवसाच्या खेपा मोजून देतो. त्या खेपांत झोप बसत नाही, जेवण बसत नाही, ते मोजणे त्याच्याकडे नसते. जीपमध्ये आणखी दोन माणसे कोंबण्याची घाई चालकाला असते हे खरे, पण पायरीवर लोंबकळायला तयार असणारे आपणच, आणि "जरा दामट की" म्हणणारेही आपणच. मी गाडीत बसलो असता चालकाने फोन काढला तर त्याला थांबवण्याचा मला हक्क आहे. किती जण थांबवतात? भीड पडते. अनोळखी माणसाला कसे बोलावे, अशी आपली संस्कृती. त्याच भिडेपोटी घाटात आपण देवाचे नाव घेत बसतो. एस.टी.ने आपल्या चालकांना गाडी हाकताना फोन वापरण्यास मनाई केली आहे. ती मनाई पाळली जाते की नाही हे पाहण्यास सगळ्यांत सोयीच्या जागी कोण बसलेले असते? पुढच्या बाकावरचा उतारू.

घरोघर एक साधी रीत पडू शकते. गाडीवर निघताना सांगावे, "आता निघालो, पोहोचलो की मीच फोन करतो," आणि तोवर कुणी फोन करू नये. पूर्वी माणूस मुंबईहून एस.टी.ने निघाला की तो येईपर्यंत काही कळण्याची सोय नसे. घरची माणसे ओट्यावर येऊन बसत, गाडीचा आवाज आला की उठत. वाट पाहणे ही एक कला होती आणि ती अवगत असल्याने कुणी मेले नाही.

ह्यावर जी उत्तरे दिली जातात ती मला ठाऊक आहेत. पहिले उत्तर, रस्तेच वाईट. खरे आहे. खड्डे आहेत, कामे अर्धवट पडतात, वळणमार्गाच्या पाट्या रात्री दिसत नाहीत. त्याबद्दल जाब विचारावा, अर्ज करावेत, प्रसंगी रस्त्यावर बसावे. मी तुमच्याबरोबर बसेन. पण रस्ता वाईट असल्याने अधिक पाहण्याची गरज पडते, कमी नव्हे. उलट रस्ता चांगला झाला की निराळेच संकट येते. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून आपल्या शहापूर तालुक्यातून आमण्यापर्यंत पुरा झाला. सातशे एक किलोमीटर. इगतपुरीपासून जवळजवळ आठ किलोमीटर तर बोगद्यातून. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर तासन् तास गाडी हाकताना माणसाची तंद्री लागते. 'महामार्गाचे संमोहन' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रूढ झाला आहे. शिवाय ताशी एकशेवीसची सवय झालेला माणूस शहापूरजवळ खाली उतरतो तेव्हा त्याला साठ हा वेग उभे राहिल्यासारखा वाटतो. तो गावात शिरतो साठ-सत्तरने आणि त्याच्या मते तो हळू चाललेला असतो. समृद्धीवर दुचाकीला आणि पादचाऱ्याला बंदी आहे. तेथे जे कधी दिसले नाही ते येथे एकाएकी पुढे येते.

दुसरे उत्तर, अपघात बाहेरचे लोक करतात. पावसाळ्यात माळशेजला धबधबे पाहण्यासाठी येणाऱ्या शनिवार-रविवारच्या गाड्यांनी आपल्याला त्रास होतो हे मी नाकारीत नाही. वळणावर गाडी उभी करून रस्त्याच्या मध्ये फोटो काढणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना निसर्ग दिसतो, मागून येणारा ट्रक दिसत नाही. बंदीचे हुकूम निघतात आणि धुक्यात विरून जातात. पण हे महिना-दोन महिन्यांचे, सुट्टीच्या दिवसांचे. बाकीच्या दिवशी रस्त्यावर कोण असते? आपणच आपल्या माणसांवर गाड्या घालतो.

तिसरे उत्तर बहुधा म्हाताऱ्यांकडून येते. काळ आला होता, वेळ भरली होती. दुःखात माणसाला कशाचा तरी आधार लागतो, तो मी काढून घेणार नाही. मात्र काळाच्या नावावर आपण काय काय जमा केले आहे ते पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५,२२४. म्हणजे देशात दिवसाला चारशे साठांहून अधिक. ह्यांत दोन तृतीयांशाहून थोडी अधिक माणसे खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर गेली. मेलेल्यांत शंभरांपैकी चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे, आणि सुमारे पाचांतला एक जण पायी चालणारा. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ साली, मोबाइल फोनमुळे १,०४० माणसे मेल्याची नोंद आहे. हा आकडा वाचून मी थोडा वेळ थांबलो. अपघातानंतर "मी फोनवर होतो" असे पोलिसांना सांगणारे किती असतील? फोन खिशात जातो आणि कागदावर 'भरधाव' हा शब्द येतो. नोंदीत कारण सापडत नाही ते असे.

२ जानेवारी २०१४ रोजी ठाण्याहून नगरकडे निघालेली एस.टी. माळशेज घाटात दरीत कोसळली आणि सत्तावीस माणसे गेली. ती बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली, घाटाच्या कठड्यांवर चर्चा झाली, आपण सगळे हळहळलो. एकाच दिवशी एकाच ठिकाणी सत्तावीस गेली म्हणून ती आपल्या लक्षात राहिली. एकेकट्याने गेलेली माणसे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. वळणावर एक दगड शेंदूर लावून उभा केला जातो, वर्षभर कुणी हार घालतो, मग रस्ता रुंद होतो आणि दगडही जातो.

शेवटी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगून मी आपली रजा घेतो, कारण उशीर झाला आहे आणि शेवटची गाडी पुष्कळांना धरावयाची आहे.

रस्त्यात जखमी पडलेला दिसला तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, अशी भीती आपल्याकडे फार आहे. ती भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात कलम १३४-अ म्हणून आले. मदत करणाऱ्याला नावगाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकाची गाडी महाराष्ट्रात २०१४ सालापासून आहे आणि ती फुकट येते. फोन वापरावयाचा तो येथे, गाडी बाजूला उभी करून.

दुसरे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर मृताच्या वारसाला दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून हे दर आहेत. पूर्वी मृत्यूबद्दल पंचवीस हजार मिळत. अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो, म्हणून चौकशी प्रांत किंवा तहसील कचेरीत करावी. वाहन सापडले असेल तर त्याचा विमा असतो, आणि दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करावा लागतो. तेथे फार उशीर करून चालत नाही. हे मी सांगतो अशासाठी की आपल्या रस्त्यांवर जे पायी चालतात, त्यांतल्या पुष्कळांना ह्यातले एक अक्षर ठाऊक नसते. दिवाळीनंतर कातकरी वाड्या वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर कागद कुठे राहिला, पंचनाम्याची प्रत कुणी घेतली, काही पत्ता नसतो. मृत्यूचा दाखला, शवचिकित्सेचा अहवाल, फिर्यादीची प्रत, वारसाचे ओळखपत्र आणि बँकेचे खाते, एवढे गोळा करून अर्ज लिहून देणारा एक माणूस हवा असतो. ह्या सभेत शिक्षक आहेत, वकील आहेत, पतपेढीत काम करणारे आहेत. अर्जाचा नमुना मी बरोबर आणला आहे. त्याच्या प्रती मालेच्या चालकांकडे ठेवून जात आहे; जाताना दाराशी मागून घ्याव्यात.